मुद्दाम लंगडी केलेली गत

तबला शिकवणारा माणूस संशयी असतो. निदान आमच्या पिढीतला तरी होता. गवयाचा राग साऱ्या जगाला ठाऊक असतो, तो कोणी पळवील अशी भीती त्याला नसते. आमची दौलत म्हणजे बोल. धा, धिन, तिरकिट असल्या अक्षरांच्या ओळी कोण्या उस्तादाने कधी काळी बांधलेल्या असतात, आणि तयार कानाच्या माणसाने एकदा ऐकल्या की त्या त्याच्या झाल्या. त्यांना कुलूप घालता येत नाही. म्हणून आमचे लोक रियाजाला बसताना खिडक्या लावून घेत. समोर दुसऱ्या उस्तादाचा शागीर्द बसलेला दिसला तर त्या दिवशी चांगली चीज वाजवतच नसत. मीही तसाच होतो. त्याचे काय झाले ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

नागपुरात महालमध्ये एका छापखान्याच्या माडीवर आमचे संगीत विद्यालय होते. दोन खोल्या. एकीत गाणे, दुसरीत माझा तबला. खाली पायाने चालवायचे छपाईचे यंत्र होते आणि ते दिवसभर खडखडत असे. नव्या विद्यार्थ्याला लय म्हणजे काय हे मी त्या यंत्रावरूनच शिकवी. दोन खडखडाटांमध्ये जे अंतर असते ते कमी-जास्त होऊ न देणे म्हणजे लय. अशा सोळा अंतरांची, म्हणजे मात्रांची, एक फेरी केली की झाला तीनताल. जिथून फेरी सुरू होते ती जागा म्हणजे सम, आणि काय वाटेल ते वाजवून अचूक समेवर परत येणे हाच आमचा सगळा धंदा. सांगायला पाच मिनिटे लागतात. करायला लोकांची हयात जाते. कारण माणूस एकसारखा चालतच नाही. त्याला घाई होते.

हे मलाही एका विद्यार्थ्यानेच दाखवले. तार ऑफिसात काम करणारे पांडे नावाचे एक गृहस्थ माझ्याकडे येत. दिवसभर तारेची टकटक ऐकून त्यांचा कान भलताच कडक झालेला, आणि माणसावर विश्वास असा नाहीच. एके दिवशी त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून मांडीवर ठेवले आणि मला म्हणाले, "गुरुजी, आप बजाते रहिए." मी पाच-सात मिनिटे ठेका धरला. ते म्हणाले, "आप चढ़ गए. शुरू में जितना था, उससे तेज है." मला राग आला. घरी जाऊन बायकोला घड्याळ घेऊन समोर बसवले. पांडे खरे बोलत होते. त्यानंतर मी स्वतःच्या हातावरही संशय घेऊ लागलो, आणि तो संशय मात्र माझ्या फार उपयोगी पडला.

बाकीचे संशय नाही पडले.

मी शिकलो कामठीला, एका खाँसाहेबांकडे. त्यांनी मला आठ वर्षे शिकवले आणि शेवटी आपल्या बोलांची एक वही उतरवून घेऊ दिली. देताना म्हणाले, "बेटा, ये घर की चीज़ें हैं. बाहर मत जाने देना." ही वही मी घरी कपाटात ठेवी. त्यातल्या बऱ्याच गती मी कोणालाच दिल्या नव्हत्या. गत म्हणजे आमच्याकडची बांधून ठेवलेली कविता समजा.

पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. इतवारीत शंकरराव पौनीकर नावाचे दुसरे तबल्याचे मास्तर होते. त्यांचे-माझे बोलणे रस्त्यात हात वर करण्यापुरते. त्या वर्षी गणपतीत त्यांच्या एका शिष्याचा कार्यक्रम होता आणि मी मागे उभा राहून ऐकत होतो. मुलगा बरा वाजवत होता. मध्येच त्याने एक गत काढली आणि माझ्या अंगावर काटा आला. ती माझ्या वहीतली होती, अक्षर न् अक्षर. मी ती कोणालाही शिकवलेली नव्हती. फक्त दुपारी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी विद्यालयात एकटा वाजवत असे.

एकटा म्हणजे खोलीत एकटा. बाहेर जिन्यावर वत्सला येऊन बसलेली असायची.

वत्सला टांडापेठेतली. घरी हातमाग, नवरा विणणारा आणि तीही विणणारी. वय सत्तावीस-अठ्ठावीस असेल. मोहल्ल्यातल्या बायकांच्या भजनात ढोलक वाजवायची, तेवढ्या भांडवलावर माझ्याकडे आली होती. बायकांचा वर्ग तीनला असे. ही अडीचलाच येऊन जिन्यावर बसे. बोटांच्या पेरांत सुताचा रंग बसलेला, तो कधी निघाला नाही. शिकवलेले ती कधीही लिहून घेत नसे. मी एकदा विचारले तर म्हणाली, "लिहिलं का मंग मी वाचतच बसते, गुरुजी. वाजवनं राहून जाते."

इतर विद्यार्थी मात्रा मोजताना ओठ हलवतात. ही हलवत नसे. मागावर काठ विणताना धागे मनातच मोजायची तिला सवय होती, आणि धोट्याच्या ये-जा करण्याने लय अंगात मुरलेली. मला शिकवण्यासारखी फक्त हाताची ठेवण उरली होती. चार वर्षांत ती शेवटच्या परीक्षेपर्यंत आली. ती परीक्षा पास झाली की एका मुलींच्या शाळेत तिला संगीताची बाई म्हणून घ्यायचे ठरले होते. तिथल्या मुख्याध्यापिकेने तिचे भजन ऐकले होते. मागाचे दिवस भरत आले होते, त्यामुळे तिच्या घरचे सगळे त्या नोकरीकडे डोळे लावून होते. हे सारे मला माहीत होते.

पण गणपतीतल्या त्या दिवसानंतर मला ती वेगळीच दिसू लागली. लवकर का येते? लिहून का घेत नाही? ज्याला एकदा ऐकून पाठ होते त्याला वहीची गरजच काय. मग विद्यालयातल्या पेटीच्या मास्तरांनी सहज सांगितले, "तुमची ती वत्सला इतवारीत दिसली होती काल. पौनीकरांच्या गल्लीत." माझी खात्री पटली. विणलेली लुगडी घेऊन ती इतवारीतल्या दुकानात जाते, हे मला ठाऊक होते. तरीही पटली. संशयाला आपल्याला हवे तेवढेच दिसते.

मी पुरावा मिळवायचे ठरवले. वहीतून अशी एक गत निवडली की जी मी आजवर कुठेही, घरीसुद्धा, मोठ्याने वाजवली नव्हती. त्या गतीत मधोमध अर्ध्या मात्रेचा एक थांबा आहे. हात तिथे क्षणभर हवेत राहतो, आणि त्यावरच गतीचा सगळा तोल आहे. मी तो थांबा तिथून काढला आणि शेवटाजवळ नेऊन टाकला. एकूण मात्रा तेवढ्याच राहिल्या, सम बरोबर येई, पण मधली चाल लंगडी झाली. ही लंगडी गत मी वत्सलाला शिकवली. पौनीकरांच्या एखाद्या शिष्याच्या हातून असे लंगडत काही ऐकू आले की चोर सापडला, असा माझा हिशेब होता.

शिकवताना ती एकदा थांबली. माझ्या हातांकडे पाहिले. "पुन्हा एकदा दाखवता का, गुरुजी?" मी पुन्हा तसेच दाखवले.

आठ दिवसांनी ती आली. परीक्षेचा फॉर्म सोबत होता, त्यावर शिकवणाऱ्या गुरूची सही लागते. मी म्हटले, आधी गत वाजव. तिने सुरुवात केली. मधल्या जागेवर आली आणि तिचा हात हवेत थांबला.

मी डग्ग्यावर हात ठेवून तिला थांबवले.

"हे कुठून आणलंस?"

"काय, गुरुजी?"

"मी असं शिकवलं नव्हतं."

ती खाली बघत म्हणाली, "नाही. मी थोडं... घरी करून पाह्यलं."

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हा थांबा कुठे आहे हे वही पाहिल्याशिवाय कोणाला कळणार नाही. म्हणजे तिने माझी लंगडी गत पौनीकरांना नेऊन दाखवली, त्यांनी ओळखली, आणि दुरुस्त करून दिली. म्हणजे वहीची नक्कलसुद्धा त्यांच्याकडे पोचली होती.

"पौनीकरांकडे जातेस तर त्यांचीच सही घे," मी म्हटले.

"मी कोनाकडं गेली? तुमी काहून असं म्हणून राहिले?"

"तुला माहीत आहे काहून."

वर्गातल्या दुसऱ्या दोघी आमच्याकडे बघत होत्या. वत्सला रडली नाही की भांडली नाही. तिने तबल्यावर खोळ घातली, फॉर्मची घडी करून पिशवीत ठेवला आणि जिना उतरून गेली. नंतर आठवडाभर तिचा नवरा येऊन खाली छापखान्याशी उभा राहत असे. वर कधी आला नाही. मी खिडकीतून पाहत असे आणि मनाशी म्हणत असे, आता गयावया करायला येईल. मग तोही यायचा बंद झाला.

नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली असे कळले. मला वाईट वाटले नाही. खरे सांगायचे तर आपण खाँसाहेबांचा शब्द राखला असेच वाटले. आज एक गोष्ट मात्र कबूल करतो. धरमपेठेतल्या एखाद्या वकिलाच्या मुलीने ती गत तशी वाजवली असती तर मी म्हटले असते, काय कान आहे. तिची चौकशी करावी असे माझ्या मनातही आले नसते.

नऊ-दहा वर्षे गेली. मी परीक्षक म्हणून गावोगाव जाऊ लागलो होतो. परीक्षकाचे काम म्हणजे पुन्हा संशयच. पोरांनी घोकंपट्टी केली आहे की खरेच येते, हे खोदून काढायचे. एका फेब्रुवारीत उमरेडला एका शाळेत परीक्षा होती. दुपारी रंजना नावाची एक बारा-तेरा वर्षांची मुलगी बसली. ठेका स्वच्छ, हात मोकळा. मी विचारले, तुझ्या मनाने काहीतरी वाजव. तिने गत काढली. तीच. वहीतली, मी मुद्दाम मोडलेली.

या वेळी मी थांबवले नाही. ऐकत राहिलो. मधल्या जागी तिचा हात थांबला, पण मला वाटले होते त्यापेक्षा कमी. मग पुढे आणखी एकदा, तेवढाच. शेवटी समेवर अशी पडली की मागे बसलेल्या शाळेच्या शिपायाने मान हलवली.

"कोणी शिकवली ही?"

"आमच्या बाईनं."

"बाईंचं नाव?"

"वत्सलाबाई. पेठेत राह्यते. त्यायची शेवटची परीक्षा झाली नाही, फॉर्मवर त्यायची सही नाही चालत म्हणून दुसऱ्या सरची घेतली."

मी तिला पूर्ण गुण दिले आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलावले. त्याने काय वाजवले ते मला आठवत नाही.

घरी येताच कपाट उघडून वही काढली. खाँसाहेबांच्या गतीत अर्ध्या मात्रेचा एकच थांबा. त्या मुलीने वाजवलेल्या गतीत पाव-पाव मात्रेचे दोन. मांडीवर हाताने दोन्ही करून पाहिल्या. दोन्हींचा तोल बरोबर होता, पण त्या दोन वेगळ्या गती होत्या. वही पाहून कोणी दुरुस्त केली असती तर ती वहीसारखी झाली असती. ही वहीसारखी नव्हती. म्हणजे वत्सलाने ती कोणालाही दाखवली नव्हती. लंगडी चाल तिच्या कानाला खुपली आणि तिने घरी बसून स्वतःच्या अकलेने ती सरळ केली. त्या दिवशी मी तिला मध्येच थांबवले नसते, आणखी चार मात्रा ऐकल्या असत्या, तर मला तेव्हाच कळले असते.

तरी मन मानेना. दुसऱ्या दिवशी मी इतवारीत पौनीकरांच्या घरी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. ते ओट्यावर तबल्याच्या वाद्या ओढत बसले होते.

"काय गा, तू इकडं कसा?"

मी आडवळण न घेता विचारले, "त्या गणपतीत तुमच्या पोराने जी गत वाजवली होती, ती तुम्हाला कुठून मिळाली?" बोल म्हणून दाखवले.

ते म्हणाले, "कामठीवरून. तुझ्याच खाँसाहेबांकडून. तू यायच्या आधी दोन वर्षं मी तिथं जात होतो, तुले माहीत नाही? मले म्हणाले होते, घर की चीज़ है, बाहर मत जाने देना."

मग वत्सलाची गत त्यांना म्हणून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली, पुन्हा म्हणायला लावली. "ही मी कधी ऐकली नाही. कोणी बांधली?"

"माझ्या एका विद्यार्थिनीने."

"नशीबवान आहेस," पौनीकर म्हणाले.

पुढच्या रविवारी मी एस.टी.ने उमरेडला गेलो. पेठेत विचारत विचारत घर काढले. नागपुरातला माग बंद पडल्यावर ती दोघे तिच्या सासरच्या घरी राहायला आली होती. नवरा एका दुकानात कामाला लागला होता. पडवीत पाच-सहा मुली बसल्या होत्या, दोनच तबले, बाकीच्या पाटावर हात चालवत होत्या. वत्सलाने मला पाहिले, उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मुलींना म्हणाली, "पाया पडा. हे माह्ये गुरुजी होत." मुली पाया पडल्या. मला तिथून पळून जावेसे वाटले.

चहा झाला. मुली गेल्या. मी म्हटले, "वत्सला, माझं चुकलं. तू पौनीकरांकडे गेली नव्हतीस, हे मला आता कळलं."

ती म्हणाली, "जाऊ द्या, गुरुजी. मलेच बोलता नाही आलं. ते लंगडं होतं, तेव्हाच समजलं होतं मले. वाटलं, तुमच्या हातून राहून गेलं असन. गुरूच्या तोंडावर कसं सांगावं? म्हणून घरून नीट करून आणलं. तुमाले राग आला, तर म्हटलं, येनारच. आपन गुरूची चूक दाखवली."

इतकी वर्षे ती असे समजत होती, आणि तेवढ्यावर तिने मला माफही केले होते. मी गप्प राहिलो असतो तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण मला राहवले नाही.

"ती चूक नव्हती," मी म्हटले. "मी मुद्दाम तशी शिकवली होती. तुला पकडायला."

ती माझ्याकडे बघत राहिली. आत तिची सासू काहीतरी निवडत बसली होती, तिचा हातही थांबला.

"चूक असती तं बरं होतं, गुरुजी," वत्सला म्हणाली.

मी मान खाली घातली. तिने विचारले, "मंग बाकीचं? बाकीचं बरोबर होतं का?"

"म्हणजे?"

"चार वर्षं तुमी जे शिकवलं, तेच मी या पोरीईले शिकवून राहिली. त्यातलं कोनतं बरोबर, कोनतं मले पकडाले?"

मी शपथेवर सांगितले की बाकी सगळे बरोबर होते. पण सांगतानाच मला उमगले की आता माझ्या सांगण्याला तिच्या लेखी किंमत उरलेली नाही, आणि ते योग्यच होते. जो संशय मी आयुष्यभर जवळ बाळगला, तो मी तिच्या पदरात टाकला होता. तिच्या शिकवण्याखालची जमीनच मी काढून घेतली होती.

म्हणून पुढच्या रविवारी मी खाँसाहेबांची वही घेऊन गेलो. तिच्यासमोर ठेवली आणि म्हटले, एकेक ताडून बघ. तिने वही लिहून घेतली नाही, तिची सवय गेली नव्हती. ती पान उघडायची, मला वाजवायला लावायची, मग स्वतः वाजवायची, मग वहीत बघायची. माझ्या तोंडाकडे बघत नसे, हाताकडे बघे. दर रविवारी सकाळची गाडी धरून जायचे आणि दुपारच्या गाडीने परत यायचे. असे सहा-सात महिने चालले. कोणीही ऐकू नये म्हणून जी वही मी कपाटात ठेवली होती, ती तिच्या पडवीत दार उघडे टाकून वाजत होती आणि रस्त्याने जाणारे येणारे उभे राहून ऐकत होते.

मी तिला परीक्षेचेही विचारले. म्हटले, फॉर्म भर, सही मी करतो. ती म्हणाली, "आता पोरीच बसतात परीक्षेले. माह्यं काय राह्यलं?" तो विषय तिने तिथेच संपवला, आणि मी पुन्हा काढला नाही. ती शाळेतली नोकरी मी तिला परत आणून देऊ शकत नव्हतो, हे दोघांनाही माहीत होते.

पावसाळ्याच्या शेवटी एका रविवारी वही संपली. एकही चूक निघाली नाही. मला हलके वाटले, आणि आता ती काही बोलेल म्हणून मी थांबलो. तिने वही कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"गुरुजी, राग नका मानू," ती म्हणाली. "पन एक डाव हे सारं मी पौनीकर मास्तरले दाखवनार हाय. बरोबर हाय का नाही, ते विचारते."

"विचार," मी म्हटले, आणि इतवारीतला त्यांचा पत्ता तिला कागदावर लिहून दिला.